दुष्काळाचा निर्णय : यंत्राचा हिशेब व बांधावरची साक्ष

पावसाने दडी मारली म्हणजे गावात दोन चिंता एकदम उभ्या राहतात. पहिली चिंता उभ्या पिकाची व जनावरांच्या वैरणीची. दुसरी चिंता ही की, आपला तालुका दुष्काळी म्हणून जाहीर होणार किंवा नाही. ही दुसरी चिंता पहिलीहून लहान समजण्याचे कारण नाही. दुष्काळ जाहीर झाला म्हणजे जमीन महसुलात सूट मिळते, पीककर्जाचे पुनर्गठन होते, शेतीशी निगडित कर्जाच्या वसुलीस स्थगिती मिळते, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सवलत मिळते, विद्यार्थ्यांचे परीक्षा शुल्क माफ होते, रोजगार हमीच्या कामांचे निकष सैल होतात आणि पिण्याच्या पाण्यासाठी आवश्यक तेथे टँकर देता येतात. दोन तालुक्यांच्या शिवेवर एकाच खंडाने करपलेली दोन शेते असली, तर त्यांपैकी एकाच्या धन्याला हे सारे साहाय्य मिळावे व दुसऱ्याने नुसते पाहात राहावे, असेही घडू शकते.

असा हा निर्णय शासन करते. परंतु आता त्याच्या मुळाशी संगणकाचा हिशेब असतो. उपग्रहाने टिपलेली छायाचित्रे, पर्जन्यमापकांचे आकडे, जमिनीतील ओल, धरणांतील साठा व विहिरींची पातळी ही सर्व माहिती एकत्र करून संगणक प्रत्येक तालुक्याची स्थिती मांडतो आणि त्या मांडणीवरून अधिकारी पुढील पाऊल टाकतात. काही शेतकऱ्यांना हे यंत्र म्हणजे आपल्या विरुद्ध रचलेली युक्ती वाटते. उलट काही कर्मचाऱ्यांची अशी समजूत झालेली दिसते की, यंत्राने उत्तर दिले म्हणजे आपली जबाबदारी संपली. ह्या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. संगणक हा निर्णयाचा सल्लागार आहे, न्यायाधीश नव्हे. आणि सल्लागाराचा सल्ला त्याला पुरविलेल्या माहितीइतकाच खरा असतो. ती माहिती शेवटी गावाच्या बांधावरच गोळा होते.

जुनी रीत

पूर्वी गावोगावच्या पिकांची आणेवारी काढीत. प्रमाण उत्पन्नाशी ताडून प्रत्यक्ष पीक किती आणे आले, हे ठरविले जाई. १९५७ साली दशमान नाणी सुरू झाल्यावर पुढे आण्यांची जागा पैशांनी घेतली, आणि ५० पैशांच्या आत पैसेवारी आलेले गाव टंचाईग्रस्त मानण्याचा परिपाठ पडला. ही पैसेवारी आजही काढली जाते.

ह्या रीतीचा मोठा गुण असा की, तिचे एकक गाव हे आहे. पीककापणीचे प्रयोग गावच्या शिवारात होतात व धान्याची रास लोकांच्या डोळ्यांदेखत मोजली जाते. तथापि तिच्यात दोष नाहीत असे नाही. नजरअंदाजाच्या आकड्यावर पाहणाऱ्याच्या दृष्टीची छाप पडते; एकच शेत एकाला आठ आण्यांचे वाटते, तर दुसऱ्याला पाच आण्यांचे. शिवाय अंतिम आकडा हाती येईपर्यंत डिसेंबर महिना उजाडतो. तोपर्यंत खरिपाची मळणी होऊन गेलेली असते, वैरणीचे भाव चढलेले असतात, आणि कित्येक कुटुंबांनी गाव सोडून ऊसतोडीची वाट धरलेली असते. उशिरा आलेले साहाय्य हे निम्मे साहाय्य होय.

संगणकाचा हिशेब कसा चालतो

केंद्र शासनाने २०१६ साली दुष्काळ व्यवस्थापनाची नवी संहिता काढली आणि खरिपातील दुष्काळाचा निर्णय ऑक्टोबरअखेर व्हावा, अशी दिशा घालून दिली. महाराष्ट्रात ह्या कामासाठी नागपूर येथील महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राच्या साहाय्याने ‘महामदत’ ही संगणक प्रणाली उभारण्यात आली व २०१८ च्या खरिपात तिचा उपयोग झाला. तिच्या हिशेबाच्या पायऱ्या प्रत्येक ग्रामकार्यकर्त्यास ठाऊक असावयास पाहिजेत. कारण शेतकरी प्रश्न विचारतो तो त्यालाच.

पहिली पायरी पावसाची. सरासरीच्या मानाने पाऊस किती कमी पडला आणि पावसात सलग तीन-चार आठवड्यांचा खंड पडला काय, हे प्रथम पाहतात. ही कळ दाबली गेल्याशिवाय पुढचा हिशेब सुरूच होत नाही.

दुसरी पायरी परिणामांची. पेरणी किती क्षेत्रावर झाली, पिकांची हिरवाई कशी आहे, जमिनीत ओल किती उरली आहे, आणि जलाशय, भूजल व नदीनाल्यांचे प्रवाह यांची अवस्था काय आहे, अशा चार अंगांनी परीक्षा होते.

ह्यांपैकी हिरवाईची परीक्षा उपग्रह करतो. निरोगी पान सूर्यप्रकाशातील तांबडा किरण शोषून घेते व डोळ्यांस न दिसणारा अवरक्त किरण पुष्कळ प्रमाणात परत फेकते. पान सुकले की हा फरक कमी होतो. ह्या फरकावरून हिरवाईचा आकडा काढतात आणि मागील अनेक वर्षांतील त्याच काळातील सर्वांत कमी व सर्वांत अधिक आकड्यांशी तो ताडून पाहतात. समजा, एखाद्या तालुक्यात आजवरचा नीचांक ०.३० व उच्चांक ०.७० आहे आणि यंदा आकडा आला ०.४२. म्हणजे नीचांकापासून उच्चांकापर्यंतचे अंतर ०.४० असता यंदाचे पीक त्यातील ०.१२ इतकेच वर चढले, शंभरात तीस. चाळीसाच्या आतील अशी स्थिती गंभीर समजली जाते. ह्यात गूढ असे काहीच नाही. जाणता शेतकरी ‘यंदाचे रान त्या अमक्या सालासारखे दिसते’ असे म्हणतो, तेव्हा तोही हेच गणित मनात करीत असतो.

ओलीचा हिशेब हा पाण्याचा ताळेबंद आहे. पडलेला पाऊस ही जमा. वाहून गेलेले, पाझरलेले व पिकाने घेतलेले पाणी हा खर्च. भारी काळी जमीन बरीच शिल्लक धरून ठेवते, तर मुरमाड माळरान चार दिवसांत रिते होते. म्हणून सारख्याच पावसात दोन जमिनींची अवस्था निरनिराळी निघते.

ह्या पद्धतीचे गुण मान्य केलेच पाहिजेत. कोकणापासून विदर्भापर्यंत सर्व तालुक्यांस ती एकाच मापाने मोजते. कोणाची ओळख किंवा वशिला तिला कळत नाही. आणि मुख्य म्हणजे तिचे उत्तर ऑक्टोबरातच मिळू शकते. २०१८ साली ३१ ऑक्टोबर रोजी २६ जिल्ह्यांतील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्यांपैकी ११२ तालुक्यांत तो गंभीर व ३९ तालुक्यांत मध्यम स्वरूपाचा होता.

यंत्राची दृष्टी कोठे कमी पडते

तथापि उंचावरून पाहणाऱ्याला जे दिसते, ते सर्वच खरे असते असे नाही. सोयाबीनचे उदाहरण घ्यावे. फुलोऱ्यात व शेंगा भरण्याच्या काळात पाण्याचा ताण बसला आणि मागाहून चार सरी आल्या, तर झाड पुन्हा हिरवे दिसू लागते. शेंगेत मात्र दाणा भरत नाही. उपग्रहाला पान दिसते, शेंगेतला पोकळपणा दिसत नाही. तीच गोष्ट तणाची. निंदणी न झालेले शेत वरून हिरवेगारच दिसते. एकाच तालुक्यात काही भाग कालव्याखालील उसाचा व उरलेला कोरडवाहू असला, तर उसाची हिरवाई बाजरीच्या करपलेल्या रानावर पांघरूण घालते. पावसाळ्यात आभाळ ढगाळ असले, तर उपग्रहाला पिकाचे नीट दर्शनही होत नाही.

दुसरी उणीव सरासरीची. समजा, एका तालुक्यात सारख्याच क्षेत्राची चार महसूल मंडळे आहेत. सरासरीच्या मानाने पहिल्यात १२० टक्के, दुसऱ्यात ११०, तिसऱ्यात ६० आणि चौथ्यात ५० टक्के पाऊस झाला. तालुक्याची सरासरी ८५ टक्के निघते, आणि कागदावर तालुका बरा दिसतो. परंतु तिसऱ्या व चौथ्या मंडळांतील शेतकऱ्याने शेजारच्या मंडळात पडलेला पाऊस आपल्या शेतात कसा आणावा?

ही शंका केवळ काल्पनिक नाही. २०१८ साली १५१ तालुक्यांच्या पाठोपाठ इतर तालुक्यांतील २६८ महसूल मंडळांचा व त्यानंतर काही हजार गावांचाही वेगळा विचार शासनास करावा लागला. २०२३ चा ऑगस्ट महिना देशात १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या वर्षी ३१ ऑक्टोबर रोजी महाराष्ट्रातील १५ जिल्ह्यांतील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. २४ तालुक्यांत गंभीर व १६ तालुक्यांत मध्यम. यादीबाहेर राहिलेल्या भागांतून साहजिकच तक्रारी उठल्या. नोव्हेंबरात शासनाने आणखी १०२१ महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती असल्याचे मान्य करून सवलती लागू केल्या. त्यासाठी जून ते सप्टेंबरचा पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरहून कमी, अशी कसोटी लावण्यात आली. नव्याने विभागल्या गेलेल्या ज्या मंडळांत पर्जन्यमापकच बसलेला नव्हता, त्यांचा प्रश्न ह्यानंतरही उरलाच. जेथे मापक नाही, तेथील कोरड यंत्राच्या लेखी नसतेच.

ह्या दोन वर्षांच्या अनुभवावरून ‘यंत्र टाकून द्यावे’ असे म्हणणे योग्य होणार नाही. यंत्राने आपले काम केले. त्याला प्रश्न तालुक्याचा विचारला गेला होता, म्हणून त्याने उत्तर तालुक्याचे दिले. प्रश्न कोणता विचारावयाचा, किती लहान क्षेत्राचा विचारावयाचा आणि कोणत्या आकड्यावर रेघ ओढावयाची, हे माणसांनी ठरवावयाचे असते. पिकाच्या नुकसानभरपाईसाठी पूर्वी ५० टक्के नुकसानीची अट होती. २०१५ साली ती ३३ टक्क्यांवर आणण्यात आली. ही रेघ कोणत्याही यंत्राने खाली आणली नाही. तो धोरणाचा निर्णय होता व त्याचे उत्तरदायित्व शासनाचे होते. म्हणून ‘संगणकानेच तालुका वगळला’ हे उत्तर कोणत्याही कार्यालयात स्वीकारले जाऊ नये. संगणकाने काय मांडले आणि त्यावरून माणसाने काय ठरविले, ह्या दोन गोष्टी शेतकऱ्यास वेगवेगळ्या सांगितल्या पाहिजेत.

दहा टक्के गावांची साक्ष

यंत्राची ही उणीव संहितेने ओळखलेली आहे. म्हणूनच पहिल्या दोन पायऱ्यांनंतर प्रत्यक्ष पाहणीची तिसरी पायरी ठेवली आहे. निवड झालेल्या तालुक्यातील दहा टक्के गावे चिठ्ठी काढावी त्याप्रमाणे, कोणाच्या पसंतीवाचून, निवडावयाची. त्या गावांत प्रमुख पिकांची प्रत्येकी पाच ठिकाणे पाहावयाची आणि नुकसान किती ते नोंदवावयाचे. ही नोंद आता मोबाईलवर, जागेच्या अक्षांश-रेखांशासह व छायाचित्रासह केली जाते. दुष्काळ मध्यम म्हणावयाचा की गंभीर, हे पुष्कळसे ह्याच नोंदींवर अवलंबून असते. आणि केंद्रीय निधीतून साहाय्य मागावयाचे तर दुष्काळ गंभीर असावा लागतो.

ह्याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. तालुक्यात शंभर गावे असली, तर दहा गावांच्या पाच-पाच ठिकाणांवर शंभर गावांचे भवितव्य तोलले जाते. घाईने केलेली एक नोंद नव्वद न पाहिलेल्या गावांवर अन्याय करू शकते. अशा वेळी कर्मचारी मोटारसायकल रस्त्याच्या कडेला उभी करून बांधावरूनच छायाचित्र घेऊन निघून गेला, तर उपग्रहाने जी चूक केली तीच त्याने जमिनीवर उभे राहून केली, असे होईल. वरून हिरवे दिसले, बांधावरूनही हिरवे दिसले. शेंग कोणीच उघडून पाहिली नाही.

याउलट ज्याने शेतात दहा-वीस पावले आत जाऊन, झाडाच्या सावलीची व पाण्याच्या ओघळीची जागा टाळून, चार-पाच झाडे उपटून शेंगा मोजल्या, शेंगा फोडून दाणा पाहिला, जमीन भारी की हलकी व शेत बागायत की कोरडवाहू हे लिहिले, त्याची एक नोंद उपग्रहाच्या अनेक चित्रांना अर्थ देते. नोंद पाठविण्यापूर्वी ती शेतकऱ्यास वाचून दाखविण्यास पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. परंतु त्या पाच मिनिटांनी पुढील कित्येक महिन्यांचा संशय टळतो.

एक आक्षेप

येथे असा आक्षेप घेतला जाईल की, माणसाचा हात लागला की पक्षपात आला. गावकरी भिडेला घालतील, पुढारी दडपण आणतील, आणि जेथे वीस टक्के नुकसान आहे तेथे साठ टक्के लिहिले जाईल. मग यंत्राचा निःपक्षपातीपणा राहिला कोठे?

हा आक्षेप पोकळ नाही. पैसेवारीच्या बाबतीत असे अनुभव आलेले आहेत, हे नाकारून चालणार नाही. परंतु त्यावर उपाय माणसाला दूर ठेवणे हा नव्हे. हिशेब उघड्यावर करणे हा होय. ज्या गावच्या चावडीवर पाचही ठिकाणांच्या नोंदी लावल्या जातील, तेथे खोटा आकडा फार काळ टिकणार नाही. कारण कोणाच्या शेतात काय पिकले, हे गावाला ठाऊक असते. फुगविलेल्या आकड्याने एखाद्या वर्षी लाभ झालासा वाटला, तरी त्यामुळे त्या तालुक्याच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो, आणि खरा दुष्काळ पडतो तेव्हा त्याची साक्ष कोणी मानीत नाही. खोट्या नोंदीची किंमत शेवटी शेजाऱ्यालाच द्यावी लागते.

आता काय करावे

ग्रामकार्यकर्त्याने पाहणीची वाट न पाहता हंगामभर आपल्या गावाची एक साधी वही ठेवावी. पेरणीची तारीख, पावसातील खंडाचे दिवस, फुलोरा केव्हा आला, दुबार पेरणी किती झाली, विहिरींची पातळी महिन्यामहिन्याला किती उतरली, एवढे तिच्यात असले तरी पुरे. गाव चिठ्ठीत निघाले तर ही वही पाहणीला बळ देईल. न निघाले तर वगळलेल्या मंडळाची बाजू मांडण्यास तिचा उपयोग होईल. ‘आमच्याकडे फार वाईट आहे’ ह्या निवेदनापेक्षा ‘अमक्या तारखेपासून तेवीस दिवस पाऊस नाही, आणि तेव्हा सोयाबीन फुलोऱ्यात होते’ हे निवेदन अधिक वजनाचे असते.

शेतकरी बांधवांनी मंडळातील पर्जन्यमापक आपलाच समजावा. राज्यात महावेध प्रकल्पाखाली महसूल मंडळांत दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभारलेली आहेत. त्याच्या भोवती झुडपे वाढली, शेजारी कडब्याची गंजी रचली गेली, किंवा नरसाळ्यात पालापाचोळा अडकला, तर आकडा चुकतो आणि त्या चुकीचा भुर्दंड मंडळातील प्रत्येक घराला बसतो. असे काही दिसल्यास स्वतः हात न लावता तत्काळ कृषी कार्यालयास लेखी कळवावे. त्याचप्रमाणे २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने आपले पीक स्वतः नोंदवावयाचे असते. ही नोंद वेळेवर व खरी करावी. न पेरलेले शेत पेरलेले म्हणून लागले, तर पेरणीच्या आकड्यात दुष्काळ लपतो.

अधिकारीवर्गाकडून अपेक्षा दोन आहेत. प्रत्येक तालुक्याचे पाऊस, हिरवाई, ओल व पाणीसाठा ह्यांचे आकडे सोप्या मराठीत, एका पानावर, निर्णयापूर्वीच ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. निर्णयानंतर लागलेला फलक फक्त वाचावयाच्या कामाचा असतो. आणि हिशेबाचे पहिले एकक तालुक्याऐवजी मंडळ करण्याची तयारी आधीपासून ठेवावी. दोन्ही वेळा नोव्हेंबरात जे करावे लागले, ते ऑक्टोबरातच करता आले तर तक्रारीही कमी होतील आणि साहाय्यही वेळेवर पोहोचेल.

संगणकाने दुष्काळाचा निर्णय लवकर होऊ शकतो, हे सिद्ध झाले आहे. तो निर्णय न्याय्य व्हावा, ह्यासाठी मात्र कोणीतरी शेतात जाऊन शेंग फोडून पाहिलीच पाहिजे. ते काम यंत्राच्या वाट्याचे नाही. येत्या खरिपाची पेरणी होताच प्रत्येक गावात नोंदींची वही उघडली जावी, आणि ग्रामसभेत तिचे वाचन महिन्यातून एकदा तरी व्हावे.